नळी हलते तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ. घरात मी, सासूबाई आणि हे. ह्यांचा फुप्फुसांचा आजार जुना. बसून बसून आता पायांतलंही बळ गेलंय. "सगळं हातात देऊ नका, चालू द्या," असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून चहा स्वयंपाकघरातच ठेवून हाक मारली. चालायला दम पुरावा म्हणून हे हल्ली ओ देत नाहीत.

ऑक्सिजनचं यंत्र स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, माझ्याजवळ. तिथून खोलीत त्यांच्या नाकापर्यंत ताणलेली नळी सैल पडली आणि फरशीवर सावकाश वळू लागली. पाऊल वाजत नाही. घरात माणूस चालतोय, हे आता नळीवरून ओळखायचं.

मग नळी थांबली.

"जाऊन बघ गं," सासूबाई पुटपुटल्या.

"दम घेत असतील, आई."

चहावर साय धरली. तो गरम करायचा राहिलाय. नळी पुन्हा हलली की करीन.