सुहासला पाठवलेला माझा शेवटचा मेसेज

मंडळी, आपल्या सिंगापूरच्या अल्टरनेटिव्ह कंट्री संगीताच्या ग्रुपवर हे लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारच्या कॉन्सर्टची आपली तिकिटं सुहासकडे होती. तो मरीन इंजिनिअर, बोटीवर असला की आठवडेच्या आठवडे गप्प. पण या वेळी त्याने आपले मेसेज वाचलेले दिसत होते, उत्तर मात्र नाही. स्टील गिटारवरून आपलं भांडण झालं होतं, म्हणून तो रुसलाय असं समजून सगळ्यांनी त्याला चिडवलं. मी तर लिहिलं, "मेलास का रे?"

आज दुपारी त्याच्या बायकोने मला यिशुन एमआरटी स्टेशनपाशी बोलावून तिकिटं दिली. तीन आठवड्यांपूर्वी बोटीवरच हार्ट अटॅक आला आणि सुहास गेला. सामानाबरोबर त्याचा फोन घरी आला. मेसेज त्या वाचत होत्या.

मला मान वर करवेना. "वहिनी, कळवायचं तरी," कसंबसं म्हटलं.

"कळवलं असतं तर सगळ्यांनी हात जोडले असते," त्या म्हणाल्या. "ग्रुपवर निदान कोणीतरी अजून त्याच्याशी भांडत होतं."

त्यामुळे कृपा करून श्रद्धांजली नको. स्टील गिटारबद्दल कोणाचं काय म्हणणं आहे ते लिहा. वहिनी वाचताहेत.