जलपर्णी खालच्या गावाला ढकलून दिली

दोस्तांनो, आज सकाळी खालच्या गावच्या माझ्या शालूनं तिच्या बापाचं फाटलेलं जाळं माझ्यापुढं धरलं अन् त्या क्षणापासून माझं सगळंच बदललं.

गोदावरीत जलपर्णी माजली की आमचं गाव बांबूनं ती धारेला लावून देतं. घाट साफ होतो. कालही ढकलून दिली, सगळ्यात पुढं मीच होतो. ती खाली शालूच्या गावात जाऊन मासेमारांच्या जाळ्यांत घुसली.

"घाट तुमचा साफ झाला," शालू म्हणाली, "आता आम्ही मासे कशानं धरायचे?"



दुपारी आमच्या घरी गावाची बैठक बसली. उद्या परत ढकलायचं ठरून राह्यलं होतं. मी म्हणालो, "काका, ओढून काठावर वाळवू ना."

काका हसले. "कॉलेज अर्धं सोडलं अन् आम्हाला शिकवून राह्यला? का सासरवाडीची काळजी लागली?"

सगळे खिदळले. तुम्हीच सांगा, नदी काय आपल्या घाटापुरतीच असती का?

डोकं तापलं होतं, पण भांडलो न्हाई. कोपऱ्यातलं गवत ओढायचं दाताळं उचललं. "मी एकटा ओढतो," म्हणालो, बाहेर पडलो अन् मागं दार हळूच लावलं.