लॉरेटा ह्रुष्का मुलांना शहर शिकवते

लॉरेटा ह्रुष्का आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिच्या सामानात पुस्तकांची खोकी होती, शिवणयंत्र होतं, कुंडीतला एक मरतुकडा लिंबू होता. सोफा मात्र नव्हता. आमच्या या भागात, ब्रिजपोर्टमध्ये, नव्या माणसाची पहिली परीक्षा सामान उतरतानाच होते आणि आम्ही सगळे आपापल्या पायऱ्यांवर बसून ती घेतो. सोफा नाही म्हणजे घरी कुणी आलेलं नको. कुणी नको म्हणजे काहीतरी झाकायचंय. हा हिशेब माझा नाही, समोरच्या बिरुटे यांकुसबाईंचा आहे. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची. मी फक्त मान डोलावली आणि रस्ता ओलांडून चौकशीला गेलो.

"कुठून आलात?"

"उत्तरेकडून," ती म्हणाली.

शहर तेच, शिकागोच. पण आम्हा दक्षिणेकडच्यांना नदीपलीकडचा उत्तर भाग परदेशासारखा. तरी मी सांभाळून घेतलं. "म्हणजे बेसबॉलमध्ये तुम्ही त्या दुसऱ्या संघाच्या. असू दे, ज्याची त्याची आवड."

"मी बेसबॉल बघतच नाही."

शत्रूच्या संघाची माणसं मला चालतात, त्यांना चिडवता तरी येतं. जी बाई बेसबॉलच बघत नाही तिला चिडवायचं कशावरून? मी घरी येऊन रोझॅनला म्हटलं, "हिच्यावर लक्ष ठेवायला हवं."

"तुझं कुणावर नसतं?" रोझॅन म्हणाली. ती माझी बायको आणि माझ्या कुठल्याच शंकेला तिने आजवर किंमत दिलेली नाही.

लॉरेटा पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायची. तीस वर्षं काचेच्या भोकातून लोकांची बिलं घ्यायची आणि "पुढचे" म्हणायचं. पन्नाशीला आलेली, सडपातळ, लग्न नाही. हिवाळा-उन्हाळा एकच करडा कोट घालून ती बस पकडायची. रोझॅन तिच्याकडे कॉफी प्यायला गेली (दोघी स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसल्या, मी मुद्दाम विचारलं) आणि सगळी कहाणी घेऊन आली. लॉरेटाला शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी आईने अंथरूण धरलं, कॉलेज सुटलं, खिडकी मिळाली. आई पुढे खूप वर्षं जगली.

"आता ती शनिवारी बागेच्या इमारतीत मुलांचा वर्ग घेणार आहे," रोझॅन म्हणाली. "आपल्या शहराचा इतिहास शिकवणार. फुकट."

"फुकट?"

"फुकट."

आमच्या भागात फुकट म्हणून मिळते ती निवडणुकीआधी वाटली जाणारी टर्की कोंबडी, आणि ती देणाऱ्याला काय हवं असतं ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. या बाईला काय हवं होतं?

बागेची इमारत म्हणजे आमच्या वस्तीचे वर्ग आणि खेळ चालतात ती; तिचा व्यवस्थापक टिलमन. त्याने तिला मुष्टियुद्धाच्या खोलीला लागून असलेली एक खोली दिली, पण अट घालून. जानेवारी संपेपर्यंत खोली मुलांनी भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर ती कराटेवाल्यांना जाणार. ते केव्हाचे टपून बसले होते. तेव्हा लॉरेटा घरोघर फिरली. आमच्या पायऱ्या चढून आली आणि म्हणाली, "तुमच्या ओळखीची मुलं असतील तर पाठवा. मला एवढी एकच संधी मिळालीय." हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की माझा संशय आणखीच बळावला.

मुलं मात्र गेली. आधी चार, मग नऊ-दहा. बिरुटेबाईंची नात गेली आणि शेजारच्या वेंडेल मोयची मुलगी केलीही गेली. केली नऊ वर्षांची आहे. तिच्यापुढे मीसुद्धा जपून बोलतो.

लॉरेटा सनावळ्या शिकवत नसे. ती मुलांना प्रश्न देऊन घरी पाठवायची. पहिला प्रश्न होता: रस्त्यावरून तुमच्या अंगणात जायला किती पायऱ्या उतराव्या लागतात? आमच्या गल्लीत जवळपास सगळ्यांनाच उतरावं लागतं. आम्हाला वाटायचं, अंगणं अशीच असतात. केलीने सांगितलं की शहर चिखलात बसवलं होतं, सांडपाणी वाहून जायला उतार नव्हता, म्हणून दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लोकांनी रस्तेच उचलून वर घेतले. शहराच्या मध्यभागातली मोठमोठी हॉटेलं खाली जॅक लावून इंचाइंचाने वर चढवली आणि आतले पाहुणे जेवत राहिले.

"आणि ज्यांच्याकडे जॅकचे पैसे नव्हते ते खाली राहिले," केली म्हणाली. "म्हणजे आपण."

"कोण म्हणतं असं?" मी विचारलं.

"मिस ह्रुष्का म्हणाल्या, तुम्हीच मोजा आणि तुम्हीच सांगा. मी मोजलं."

पुढच्या आठवड्याचा प्रश्न होता: तुमच्या घरात तुमच्याआधी कोण राहायचं? त्यांच्याआधी कोण? आणि तळघरात कोण?

तळघर शब्द निघाला आणि गल्लीची झोप उडाली. आमच्याकडे तळघरात कोण राहतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच विचारत नाही. बिरुटेबाईंच्या तळघरात पियानो जुळवणारा एक लाजाळू माणूस बरीच वर्षं राहतोय. तिथलं छत महापालिकेला हवं त्यापेक्षा हातभर खाली आहे, आणि तो माणूस उंच आहे. नातीने भर वर्गात सांगून टाकलं, "आमच्या तळघरात आंद्रेय राहतो, तो वाकून चालतो."

त्याच संध्याकाळी बिरुटेबाईंनी मला आणि वेंडेलला बोलावून घेतलं. पुढ्यात बटाट्याचा कुगेलिस ठेवला, वर आंबट मलई घातली. दारूगोळा वाटावा तशा वाढत होत्या.

"ती पाणीपट्टीत आहे," त्या म्हणाल्या. "महापालिकेची आहे. पोरांच्या तोंडून तळघरं काढून घेतेय."

"मिसेस यांकुस, अर्धी गल्ली महापालिकेत आहे," वेंडेल म्हणाला. "तुमचा मुलगा कचऱ्याच्या गाडीवर नाही का?"

"माझा मुलगा प्रश्न विचारत नाही. कचरा उचलतो आणि जातो."

"मला वाटतं बिल्डरची आहे," वेंडेल म्हणाला. "आधी कुणाचं घर कुणाकडून आलं ते काढायचं, मग म्हाताऱ्यांना गाठायचं."

"म्हातारं कोण?"

"मी सर्वसाधारण बोललो."

आता माझ्याकडूनही काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, "विमा कंपनीचीही असू शकते." याला कसलाही आधार नव्हता, पण बिरुटेबाईंनी मान डोलावली आणि मला कुगेलिसचा दुसरा तुकडा मिळाला.

दोन घरांनी मुलं काढून घेतली. उरलेल्यांना आयांनी बजावलं, बाईंनी घरातलं विचारलं तर म्हणायचं आम्ही नवीन आहोत. टिलमन मला दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, "ती रोज येऊन विचारते, किती मुलं झाली म्हणजे चालेल. मी तरी काय सांगू? खोली अर्धी रिकामी दिसतेय. कराटेवाले विचारतायत."

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी गुडघाभर बर्फ पडला.

बर्फ पडला की आमच्याकडे एक कायदा सुरू होतो. तो कुठे लिहिलेला नाही, पण पाळतो प्रत्येक जण. तुम्ही फावड्याने उपसून गाडीपुरती जागा मोकळी केलीत की ती जागा तुमची. बाहेर जाताना तिथे एक खुर्ची ठेवायची. खुर्ची मोडकी हवी. बागेतली फाटकी चालते, तीन पायांचीही चालते. परत येईपर्यंत त्या जागेवर कुणी गाडी लावत नाही आणि दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी बोटही लावत नाही. ज्याने लावलं त्याची गाडी सकाळी पाण्याने गोठवलेली सापडते. कुणी केलं ते कुणालाच माहीत नसतं.

लॉरेटाकडे गाडी नाही. तीस वर्षं बसने फिरलेल्या बाईला हा कायदा कानावरून गेलेला असेल, अंगात मुरलेला नव्हता.

त्या शनिवारी तिचा धडा शहर जाळणाऱ्या मोठ्या आगीचा होता. लोक घरातलं काय काय उचलून रस्त्यावर आले, ते तिला मुलांना दाखवायचं होतं. कुणी चूल आणली, कुणी पक्ष्याचा पिंजरा, काहींनी पियानो जमिनीत पुरले म्हणतात. तेव्हा तिने सांगितलं, तुमच्या घरातून एक खुर्ची उचला, आग लागली तर घरचे जी वाचवतील ती. ती घरासमोर रस्त्याच्या कडेला ठेवा, तिच्याजवळ उभे राहा आणि ती कुणाची ते सांगा. मुलांनी सांगितलं. बाकी सगळीकडे बर्फाचे ढीग होते, म्हणून मोठ्यांनी सकाळी उपसून ठेवलेल्या जागांवर, तिथल्या मोडक्या खुर्च्या बाजूला सारून, आपल्या खुर्च्या मांडल्या. मग थंडी नाकाला झोंबू लागली तशी ती मुलांना बागेच्या इमारतीत गरम चॉकलेट प्यायला घेऊन गेली. खुर्च्या तिथेच राहिल्या.

दुपारी लोक कामावरून, बाजारातून परतले तर इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत एका रांगेत खुर्च्या. त्याही चांगल्या: नक्षीच्या, मखमली गादीच्या, पॉलिश मारलेल्या. हातात फावडं घेतलेली माणसं नुसती बघत उभी. गाड्या गल्लीला चकरा मारत होत्या, भोंगे वाजवत होत्या. पण खुर्ची हलवायला कुणी पुढे होईना, कारण कायदा तो कायदा.

"चांगली खुर्ची बर्फात कोण ठेवतं?" बिरुटेबाई खिडकीतून ओरडल्या. "ज्याला अख्खा रस्ता विकत घ्यायचाय तो."

हे सगळ्यांना लगेच पटलं. मलाही पटलं.

तेवढ्यात वेंडेल खाली वाकला. "ही तर माझ्या आईची खुर्ची."

खुर्ची होती बिरुटेबाईंच्या घरासमोर, त्यांच्या मुलाने उपसलेल्या जागेवर. वेंडेलने क्षणभर विचार केला. खुर्ची ज्याची जागा त्याची. त्याने खुर्ची उचलून गाडीच्या डिकीत घातली आणि गाडी तिथे लावली.

"मोय, काढ ती गाडी."

"कायदा मला या गल्लीनेच शिकवला, मिसेस यांकुस. आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात. कुणीतरी माझ्या टायरमधली हवा काढून."

"ती हवा मी काढली त्याला वीस वर्षं झाली."

"हवा कुणी काढली ते आज कळलं. इतकी वर्षं मी जीनवर संशय घेत होतो."

जीन म्हणजे मी. वेंडेल माझ्याशी जपून का बोलतो, याचा उलगडा मलाही आजच झाला.

मग सगळी गल्ली बर्फ तुडवत बागेच्या इमारतीत पोचली. लॉरेटा मुलांना चॉकलेट वाढत होती. आम्ही दारात उभे, बुटांचा बर्फ तिथेच वितळतोय, टिलमन आमच्या मागे. बिरुटेबाई पुढे झाल्या.

"बाई, तुम्ही कुणासाठी काम करता?"

"पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते. तुम्हाला माहीत आहे."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी कुणासाठीच नाही."

"खुर्च्या कुणी मांडायला सांगितल्या?"

"मी. गाड्यांचं लक्षातच आलं नाही. माझ्याकडे गाडी नाही." तिने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिला एकदम सगळं उमगलं. ती लाल झाली. "अरे देवा. बर्फ."

"आणि माझं तळघर?"

"ते तळघर नव्हतं, मिसेस यांकुस. तो घराचा तळमजला होता. रस्ता वर आला आणि तो खाली गेला. तिथे माणसं राहायचीच. मुलांना एवढंच कळायला हवं होतं की खाली राहणाऱ्याने काही गुन्हा केलेला नाही."

टिलमन घसा खाकरून म्हणाला, "हे बघा, पालकांचीच तक्रार असेल तर मला खोली देता येणार नाही. आज तसाही शेवटचा शनिवार."

लॉरेटाने वाद घातला नाही. मुलांना म्हणाली, "पेले धुऊन ठेवा." मग फळ्याकडे वळली आणि पुसू लागली. पुसून झालेली जागाच ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

बिरुटेबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. डोळे बारीक केलेले. त्यांना दया आली असं मी म्हणणार नाही, ती त्यांच्या चेहऱ्यावर कशी दिसते हे मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "माझी नात येईल. पण मीही येणार. पहिल्या बाकावर बसून ऐकणार, ही काय विचारते ते."

"मग मीही येणार," वेंडेल म्हणाला. "तुम्ही माझ्या घराबद्दल काय सांगता ते मला ऐकायचंय."

"याने येऊन काहीतरी ठोकून देऊ नये म्हणून मीही," पलीकडच्या घरातला कुणीतरी म्हणाला. मुलं काढून नेणाऱ्या दोन्ही घरांनी विचारलं, आम्ही नसताना आमच्याबद्दल बोलणार का तुम्ही? आणि एकटं पडायला नको म्हणून त्यांनीही नावं दिली.

पुढच्या शनिवारी त्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. टिलमनने आम्हाला मोठ्या दालनात नेलं. लॉरेटाने तोच प्रश्न विचारला, तुमच्याआधी कोण होतं? आणि दोन तास तिला पुढचा शब्द बोलायला मिळाला नाही. बिरुटेबाई म्हणाल्या, आम्हा लिथुआनियन लोकांच्या आधी जर्मन होते, आम्ही आल्यावर नाकं मुरडून गेले. वेंडेल म्हणाला, आम्ही चिनी आल्यावर तुम्हीही मुरडलीत, फक्त गेला नाहीत. कुणी कुणाच्या दारावर काय फेकलं, कुठला खाटीक कुणाला उधार देत नसे, सगळं बाहेर पडलं. मुलं आळीपाळीने फळ्यावर लिहीत होती. खोटं वाटलं की केली हात वर करून पुरावा मागायची. आंद्रेयसुद्धा आला होता, मागे भिंतीला टेकून, ताठ उभा. त्या दालनाचं छत उंच आहे.

मी गेलो तो फक्त लक्ष ठेवायला. अजून दर शनिवारी जातो.

टिलमनने तिला उन्हाळ्यापर्यंत मोठं दालन दिलं. कराटेवाल्यांना मुष्टियुद्धाशेजारची खोली मिळाली. परवा बसमधून उतरून लॉरेटा गल्लीत आली तेव्हा तिच्या हातात इमारतीची किल्ली होती, पितळी, टिलमनकडे असते तशीच. ती सारखी ती किल्ली बघत चालली होती. आम्हाला तिने हात केला आणि वर निघून गेली.

बिरुटेबाई बराच वेळ तिच्या बंद दाराकडे बघत होत्या.

"किल्ली दिली तिला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं इथे राहून मला कधी मिळाली नाही. कुणाच्या वशिल्याने मिळवली असेल?"

"शनिवारी विचारू," मी म्हटलं.

"लवकर जायला हवं. मागच्या खेपेला तो मोय पहिल्या बाकावर जाऊन बसला होता."