पुढच्या वर्षी तुझंच नाव

बेसबॉलमध्ये फटका मारणारी चांगली खेळाडू कशानं घडते, असं शिबिरात मला अजूनही विचारतात. मी मनगट, खांदे, दूध-अंडी असलं काहीबाही सांगते आणि पोरी माना डोलवतात. खरं उत्तर मला रेणापूरकडच्या एका खेड्यातल्या नववीच्या पोरीनं शिकवलं होतं. तिचं मी काय केलं, ते मात्र कुठल्याच शिबिरात सांगितलं नाही.

त्या गावच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. फाटक्या तोंडाची म्हणून प्रसिद्ध. बेसबॉल मी स्वतः पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात शिकून आलेली. खेड्यात बेसबॉल कशाला, असं कुणी विचारेल. तर कबड्डीत शंभर शाळा उतरतात, बेसबॉलमध्ये चार. वरच्या पातळीवर पटकन पोचता येतं आणि दहावीच्या पोरींना खेळाचे वाढीव गुण मिळतात. सगळेच हे करतात, आम्हीही केलं.

ही पोर पहिल्या दिवशी आली ती अनवाणी. काडीसारखे हात. तिसऱ्या चेंडूला तिनं असा फटका लावला की चेंडू पाण्याच्या टाकीपलीकडे बाभळीत गेला. मी म्हटलं, "कुठं शिकलीस गं?"

"कुठं न्हाई. घरची तूर बडवते की, मॅडम."

तूर बडवताना जोर कमरेतून काढावा लागतो, नुसत्या हातानं अर्ध्या तासात माणूस गळपटतो. हे खरंच. पण तूर तर गावातल्या निम्म्या पोरी बडवायच्या. हिचं वेगळेपण चेंडू सोडून देण्यात होतं. वाईट चेंडू चार आले की न मारताच पहिला बेस मिळतो, हे मी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगितलेलं. तरी चेंडू दिसला की बाकीच्यांचे हात वळवळायचे. ही उभी राहायची. मी बाहेरून ओरडायची, "अगं मार की! मुहूर्त बघायलीस का?" ती वळूनसुद्धा बघायची नाही. मग तिला हवा तो चेंडू आला की बाभळीतच.

एकदा विचारलं, एवढं काय बघतेस? म्हणाली, "बॉल न्हाई बघत मी. टाकणारीचा पंजा बघते. बॉल सुटायच्या आधी पंजा सगळं सांगतो."

बारा वर्षं शिकवत होते, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी घरी एक अट घातलेली. राज्याच्या शिबिराला नाव लागलं तर लातूरला कॉलेजात घालतो, नाहीतर दहावी झाली की बास. अट मला माहीत होती. त्यांनीच शाळेत येऊन माझ्यासमोर सांगितली होती, थोडं हसत, थोडं अभिमानानं.

विभागाचे सामने नांदेडला झाले. आम्ही शेवटचा सामना हरलो, पण तिची बॅट तिन्ही सामन्यांत बोलली. संध्याकाळी आयोजकांनी प्रत्येक शाळेकडून शिबिरासाठी एकेक नाव मागितलं. आमच्या संघात एक दहावीची मुलगी होती, आमच्याच एका सहकारी शिक्षकांची. खेळ बेताचा, पण गुणांची गरज मोठी. मुख्याध्यापकांचा फोन आला, "मॅडम, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. तेवढं बघा."

बघितलं. कागदावर त्या दहावीच्या पोरीचं नाव लिहिलं.

मैदानामागच्या नळावर ही हात-पाय धूत होती. मी जाऊन म्हटलं, "हे बघ, तू अजून नववीत आहेस. पुढच्या वर्षी तुझंच नाव." उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती "हाव मॅडम" म्हणाली आणि नळ बंद केला.

आता खरं सांगते. आमच्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला आठवायची नाही. गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. थोरली बहीण उशिरा, आठव्या वर्षी शाळेत आली आणि सोबत धाकटी असली, तर धाकटीलाही तीच तारीख लावून दोघींना एकाच दिवशी पहिलीत बसवायचे. हिचं तसंच झालेलं. त्यामुळं सतरा वर्षांखालच्या गटात तिचं कागदोपत्री ते शेवटचं वर्ष होतं. आणि खेळाचा फॉर्म रजिस्टर बघून मीच भरला होता. माझ्या हातानं, माझ्या पेनानं. पुढचं वर्ष तिला नाही, हे त्या नळापाशी मला पक्कं ठाऊक होतं.

वर्षानं फॉर्म आले तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, गुरुजींनी घोळ घातला बघ तुझ्या तारखेचा!" काय नाटक ते. गुरुजी बिचारे केव्हाच वारले होते, ते कुठं सांगायला येणार? शिक्षकखोलीत सगळे हळहळले, मीही हळहळले. दहावीनंतर तिची शाळा सुटली. माझी बदली झाली.

गेल्या महिन्यात लातूरहून नांदेडला निघाले. एसटीत चढले तर कंडक्टर ही. खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं मशीन. मी ओळखायच्या आधी तिनंच हाक मारली, "मॅडम! इथं बसा, खिडकीला." एका माणसाला उठवून मला जागा दिली. मुलीला तिसरीत घातलंय, नवरा शेती बघतो, सगळं बरं हाय, असं भराभर सांगितलं. ती जितकी गोड बोलत होती, तितकी मी आक्रसत होते. चाकूर गेल्यावर गर्दी कमी झाली, ती शेजारी येऊन टेकली. तेव्हा मात्र मला राहवेना.

"तारखेचं मला आधीच माहीत होतं गं," मी म्हटलं. "नांदेडला, तुला पुढच्या वर्षी म्हटलं तेव्हाच. मी खोटं बोलले तुझ्याशी. गुरुजींवर उगाच ढकललं."

ती मशीनच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला बी ठाव होतं की, मॅडम. फॉर्मवर खाली सही माझीच होती. तारीख वाचली होती मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणलात ना पुढच्या वर्षी. मला वाटलं, मॅडमनी कायतरी तजवीज केली असंल. मॅडम कशाला खोटं बोलतील?" आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणून तर वर्षभर प्रॅक्टिसला एक दिवस खाडा केला न्हाई मी."

पुढच्या थांब्यावर चार माणसं चढली. ती तिकिटं काढायला उठून गेली.