कोंबडी उठली की येते

खुर्चीबाई अख्ख्या गल्लीला बसवते आणि स्वतः मात्र फरशीवर बसते, असं शेजारचा गॅरेजवाला म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. वेताच्या खुर्च्यांच्या फाटक्या बैठका नव्याने विणून देणं हा तिचा धंदा, आणि तो मांडी घालूनच करायचा असतो. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर, त्यामागे चार पावलांचं अंगण. टबात भिजणारा वेत, दातांत धरलेल्या खुंट्या, पायाशी घुटमळणारी एक तांबडी कोंबडी. नवरा गेल्यावर एवढ्याच भांडवलावर तिने मुलगा वाढवला, शिकवला, मार्गाला लावला.

बाई जिभेची तिखट, पण एक खोड जन्माची. तोंडावर "नाही" म्हणणं तिला कधी जमलं नाही. गिऱ्हाइकाने घाई केली की "वेत भिजतोय." सासरच्यांनी दुकान विकून टाक म्हटलं, तेव्हा "पोराची परीक्षा होऊ द्या." परीक्षा झाली तर पोराला गोवर आला. अशी सबबीमागून सबब काढत तिने जन्मभर आपल्याला हवं तेच केलं आणि कुणाशी वाकडं घेतलं नाही. ही काही साधी कला नव्हे. भल्याभल्यांना जमत नाही.

पण मुलगा तिच्याच पोटचा. त्याने सातव्या मजल्यावर घर घेतलं होतं, आईसाठी उजेडाची खोली ठेवली होती. मागे एकदा ती चक्कर येऊन पडली आणि बराच वेळ कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हापासून तो दर रविवारी येऊन तेच म्हणे, "आई, आता पुरे. चल माझ्याकडे." प्रेमाने म्हणायचा, हीच तर पंचाईत. पोरगा वाईट असता तर तिने त्याला केव्हाच उडवून लावला असता.

तशात तांबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी म्हणजे निव्वळ हट्ट. अंडी घालणं बंद, फिरणं बंद. पिसं फुलवून एका जागी ठाण मांडायचं आणि जवळ येईल त्याला टोचायचं. बाईने टोपलीत भुसा घातला, अंडी मांडली, तांबडीला वर बसवलं. मग रविवारी मुलाला म्हणाली, "कोंबडी उठली की येते. अशी अंड्यांवर बसलेली टाकून कशी येऊ?"

मुलाला एवढंच ठाऊक होतं की पिल्लं तीन आठवड्यांत निघतात. त्याने टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं.

गॅरेजवाला मात्र कोंबड्यांतच वाढलेला. तो टोपलीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, माझा कोंबडा गेल्याला किती दिवस झाले! गल्लीत दुसरा नाही. कोंबड्याशिवाय ह्या अंड्यांतून काय निघणार?"

"तू तुझे नटबोल्ट आवळ."

"अहो, पण पिल्लं निघाली नाहीत तर ती उठायचीच नाही!"

"मग?" बाईने वेताची पट्टी ओढून ताणली. "मला कुठे घाई आहे?"

गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला आणि हसत सुटला.

तीन आठवडे सरले. मुलगा टोपलीत डोकावला आणि हिरमुसला. "थोडं मागेपुढे होतंच," बाई म्हणाली. पुढच्या रविवारीही तेच. बाई मनातून खूश होती. इतकी टिकाऊ सबब तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

मग एका सकाळी तिने अंगणात दाणे टाकले आणि दिवसातून एकदा खायला येणारी तांबडी आलीच नाही. टोपलीतच होती. लालबुंद तुरा फिका पडला होता. बाईने तिला उचललं तर हाताला वजन लागेना, छातीचं हाड मात्र लागलं. एवढं उचललं तरी तांबडीने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. ही वेडी रिकाम्या अंड्यांवर उपाशी बसली, आणि मी तिच्याआड लपले! तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा.

गॅरेजवाल्याकडे तोड तयार होती. "सासुरवाडीहून चांगली अंडी आणतो, हमखास पिल्लं निघणारी. गुपचूप बदलून टाकू. कोंबडीलाही कळणार नाही आणि तुमच्या मुलालाही. आणखी तीन आठवडे बिनघोर!"

बाईला मोह पडला होता, तो काही लपत नव्हता.

"आणखी तीन आठवडे हिला झेपतील?" तिने विचारलं.

"काही काही टिकतात, मावशी."

"काही काहींचं नको सांगूस. ही टिकेल?"

गॅरेजवाल्याने तांबडीच्या छातीचं हाड चाचपलं आणि हात काढून घेतला. बाईने अंड्यांचा विषय तिथेच संपवला.

रविवारी टेम्पो दारात लागला. मुलगा आत आला तेव्हा बाईने तांबडीला टोपलीतून बाहेर काढलं होतं. खालून वारा लागून खुडूक मोडावी म्हणून अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, आणि तांबडीने आरडाओरड करून गल्ली डोक्यावर घेतली होती. बाई एकेक अंडं खड्ड्यात टाकत होती. एक फुटलं आणि असा वास सुटला की मुलाने नाक दाबलं.

"आई, पिल्लं कुठायत?"

"कसली पिल्लं? कोंबडा होता कुठे? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मुलगा उंबऱ्यावर बसला. "म्हणजे मला बनवलंस."

"बनवलं. तुझ्याशी चुकले, हिच्याशीही चुकले."

"बरं. मग उठली ना आता कोंबडी?"

बाईच्या जिभेवर सबबींची रांग लागली. गुडघा दुखतोय. कामं अंगावर आहेत. हिच्या अंगात जरा ताकद येऊ दे. सगळ्या गिळून ती मातीचे हात पदराला पुसत उभी राहिली.

"उठली. आणि मी येत नाही."

"का?"

"यायचं नाही म्हणून."

"आई, काहीतरी कारण सांग!"

"कारणं संपली. मला यायचं नाही, बास."

"आणि इथे तुला काही झालं तर?"

"होईल. कबूल. पण तिथे मला काहीच होणार नाही, त्याचं काय करू?" तिची मान वाकली नाही. "सातव्या मजल्यावर उजेडात बसवून ठेवशील. बसून बसून मरायचं नाही मला."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. लहानपणी खाऊ मागितला तरी "उद्या देते" म्हणणारी ही बाई. "नाही" तिच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला राग आला होता, कान लाल झाले होते, पण वाद घालायला एकही सबब समोर नव्हती.

"ओ, सामान कुठलं घ्यायचं?" टेम्पोवाला दारातून ओरडला.

मग बाई म्हणाली, "वाचनालयाच्या चार खुर्च्या झाल्यात. टेम्पो आलाच आहे, तर त्या पोचव."

मुलाने तिच्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि पुढच्या खोलीतली खुर्ची उचलली.

"बैठकीला धरू नकोस," ती म्हणाली. "वीण ओली आहे अजून."

त्याने हात दांड्यावर सरकवला.