आण्णांची गिरणी आणि आमचे फोटो

मंडळी, आज आमच्या कुंडल गावात गिरणीसमोर गव्हाचा डबा रांगेत ठेवला आणि लाईट गेली.

वेळ जाईना, म्हणून आम्ही चौघी पायरीवर बसून मोबाईलवर एआयकडून आपले नऊवारीतले फोटो बनवायला लागलो.

गिरणीवाले आण्णा बघत होते. म्हणाले, "हे फोटो बनवणारं मशीन पण लाईटवरच चालतंय काय गं?"

"व्हय आण्णा. लय लाईट लागती त्याला."

"आन् त्याची लाईट जात न्हाई?"

"न्हाई."

आण्णांनी शटर ओढलं.

गहू तसाच घरी आणला. लाईट अजून नाही, बॅटरी संपत आलीय, तरी मी आणखी एक फोटो बनवला.

गिरणीत डबा ठेवला की कुणी पुढं घुसत नाही. जगाच्या लाईटीच्या रांगेत मात्र हे मशीन पुढं घुसलंय; आपला डबा मागं कुणी सरकवला, हे आपण विचारणार तरी कुणाला?