सायमनकाकांवर ढकललेली चूक

सायमनकाकांच्या मुलीचा, रूथचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. "दादा, पप्पा गेले..." एवढंच ती बोलू शकली. महिना उलटला त्याला. ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता त्यांना काही सांगावं लागणार नाही...

सायमनकाका नेवाशाजवळचे. वडिलांनी नगरच्या एमआयडीसीत ॲक्रिलिकच्या वस्तूंचा छोटा कारखाना काढला, तेव्हापासून ते आमच्याकडे. शीट तापवून वाकवणं सगळ्यांना दिसतं, पण काकांचा जीव त्याआधीच्या कामात. कापलेली कड बोटाला लागणार नाही इतकी घासायची, वरचा कागद सोलायचा, साबणाच्या पाण्यानं धूळ काढून मऊ फडक्यानं टिपायचं. पावसाळ्यात तर शीट आदल्या दिवशीच कोमट भट्टीत ठेवायचे. "ही हवेतलं पानी पिती, संजय," ते मला सांगायचे. "तशीच तापवली की आतून बुडबुडे येत्यात. मग काय बी कर, जात न्हाईत."

वडिलांनंतर कारखाना माझ्याकडे आला. एका दवाखान्यानं नवजात बाळांच्या डोक्यावर ठेवायच्या, प्राणवायू देण्याच्या पारदर्शक पेट्या मागितल्या. मी सोमवारचा शब्द देऊन बसलो. शनिवारी काका म्हणाले, "शीटा दमट हायेत. मंगळवारी देऊ," आणि रविवारच्या उपासनेसाठी गावी गेले. मी रविवारी, न वाळवताच, पेट्या वाकवल्या. वाकाच्या रेषेत बारीक बुडबुडे उठले. दिसले मला. तरी पाठवल्या.

मंगळवारी डॉक्टर स्वतः पेटी घेऊन आले. "यातून बाळाचा चेहरा नीट दिसत नाही. ओठ निळे पडले तर सिस्टरला कळणार कसं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या काकांचं वय झालंय हो, नजर कमी झालीय." काका मागच्या दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मग डॉक्टरांना म्हणाले, "चुकलं सायेब. परत करून देतो." आणि दिल्या, एक डाग नसलेल्या.

ते खोटं टिकवायला मला पुढे दवाखान्याचं काम काकांकडून काढून दुसऱ्या कामगाराकडे द्यावं लागलं. काका वर्षभर दारावरच्या नावाच्या पाट्या करत राहिले, मग घरी बसले. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललोच नाही. घोडेगावच्या बाजारात एकदा भेटले, माझ्या मुलांची चौकशी केली, चहा पाजला. तेव्हाही माझी जीभ उचलली नाही.

दफनानंतर रूथ म्हणाली, "पप्पांना ती पेट्यांची चूक लई लागली हुती. नजर गेली म्हनायचे. मी दोनदा डोळे तपासून आनले, कायच नव्हतं." म्हणजे घरीही त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी तिथंच तिला खरं सांगितलं. "हे त्यांना सांगायचं हुतं, दादा," ती म्हणाली आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काकांच्या टेबलाशी सगळ्यांना बोलावून मी तेच सांगितलं. कुणाला आश्चर्य वाटलं नाही. जुना कामगार भीमा खाली बघत म्हणाला, "आमाला म्हाईत हुतं. त्या रविवारी काका गावाला हुते, दिसत नव्हतं व्हय? त्यांनीच गप बसवलं आमाला. म्हनले, पोराची अब्रू जाईल."

ते टेबल अजून खिडकीजवळ आहे. बाकीचे तिथं काम करतात. मी मात्र वळसा घालून जातो...